मदतीला कुणी नसताना पहिली ते तिसरीच्या मुलांचा इंग्रजीचा तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. पहिली ते तिसरीची ३८ मुलं एकाच खोलीत, इंग्रजीचा तास ४० मिनिटांचा. शिकवणाऱ्या ताई नव्या आहेत, त्यांच्या घरी कन्नड, मराठी कळते पण बोलताना अडते. त्या वर्गात आल्या की वर्गाच्या बाई ऑफिसच्या कामाला निघून जातात. पहिली पाच मिनिटं मुलं ऐकतात, मग कुणी पळतंय, कुणी रडतंय, कुणी खिडकीत चढलंय. ओरडून घसा बसतो, इंग्रजी मागेच राहतं. मदतनीस मिळणार नाही असं धरूनच उपाय सांगा, आणि वर्गात मराठी कुठे वापरायची तेही सांगा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, वर्ग आवरत नाही आणि इंग्रजी होत नाही, अशा तुमच्या दोन तक्रारी आहेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये या दोन्हींवर उपाय एकच आहे. उठा, बसा, थांबा, इकडे बघा, पाटी काढा, पाटी ठेवा असं आपण एका तासात किती वेळा बोलतो ते मोजून बघा. हे सगळं बोलणं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत करता येतं, आणि ज्या मुलाला ते कळतं ते मूल आपोआप कामाला लागलेलं असतं. म्हणून पहिले दोन आठवडे पाठ्यपुस्तक पिशवीतच राहू द्या. वर्ग चालवण्याच्या सूचना हाच तुमचा पहिला धडा. कर्नाटकात २००७-०८ पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तिसरीतल्या मुलांना यातलं थोडं येत असेल. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईल.

आधी वर्गाच्या बाईंकडे दहा मिनिटं मागा. त्या तासाला बसणार नाहीत हे मान्य करा, पण हजेरीची यादी घेऊन पाच गोष्टी विचारून घ्या. कुणाला कमी दिसतं किंवा कमी ऐकू येतं, कुणाला फिट येते किंवा दमा आहे, कोणती दोन मुलं शेजारी बसवली की भांडतात, घरी मराठीशिवाय कन्नड, उर्दू किंवा कोकणी कोण बोलतं, आणि त्या स्वतः वर्ग गप्प करायला काय करतात. शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची. त्या टाळी वाजवत असतील तर तुम्हीही टाळीच ठेवा. एका वर्गाला दोन बाईंच्या दोन खुणा शिकवण्यात महिना जातो.

पहिला आठवडाभर त्यांना एवढीच विनंती करा: जाण्याआधी दोन मिनिटं दारात थांबा आणि मुलांसमोर सांगा, 'आता टीचर सांगतील तसं करायचं.' मुलांच्या दृष्टीने वर्गावरचा हक्क वर्गाच्या बाईंचा असतो. तो तुमच्याकडे दिलेला त्यांच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. बाई गुपचूप निघून गेल्या की मुलांना ती मधली सुट्टी वाटते. तुमची 'पहिली पाच मिनिटं' पुढे टिकत नाहीत त्याचं एक कारण हेच असावं.

बसण्याची व्यवस्था खडूने जमिनीवर आखा. बसायच्या पट्ट्या असोत की बाक, ३८ मुलांचे सहा गट करा: चार गट सहा-सहाचे, दोन सात-सातचे. प्रत्येक गटात तिन्ही इयत्तांची मुलं हवीत, आणि दोन गटांमध्ये तुम्हाला सरळ चालत जाता येईल एवढी, म्हणजे दोन फूट तरी वाट. ही वाट नसेल तर तुम्ही फळ्याजवळ अडकता आणि शेवटच्या ओळीपर्यंत फक्त आवाजच पोचतो. दर सोमवारी गटाचा एक म्होरक्या बदला. त्याचं काम एकच: पाट्या वाटणं आणि गोळा करणं. इतरांना गप्प बसवायचं काम त्याला कधीही देऊ नका. सात वर्षांच्या मुलाला ते काम दिलं की तो मारतो, नाहीतर चुगल्या आणतो, आणि मग भांडणं सोडवण्यातच तास जातो.

आता शांत करायची खूण. तुम्ही हात वर करायचा, ज्याने पाहिलं त्याने हात वर करायचा आणि तोंड बंद, सोबत तुम्ही फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन असं हळू मोजायचं. वर्गाच्या बाईंची खूण टाळी असेल तर हात त्या टाळीलाच जोडा. पण जून ते सप्टेंबर तुमच्या भागात कौलांवर आणि पत्र्यांवर जो पाऊस वाजतो त्यात टाळी काय, बाईंचा आवाजही तिसऱ्या ओळीपलीकडे जात नाही. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी खूण हवीच. हात वर आणि त्यात एखादं लाल फडकं, एवढं पुरतं. ही खूण बिघडते ती दोन कारणांनी. सगळी मुलं शांत व्हायच्या आधीच आपण बोलायला लागतो, मग मुलं शिकतात की या खुणेला थांबायची गरज नाही. दुसरं, दर मिनिटाला हात वर केला की त्याची किंमत जाते. एका तासात पाच-सहा वेळांपेक्षा जास्त लागत असेल तर काम फार लांबलंय किंवा फार अवघड झालंय, असं समजा आणि काम बदला.

सूचना शिकवण्याची रीत थोडी सविस्तर सांगते, कारण सगळा भार तिच्यावरच आहे. पहिल्या आठ सूचना अशा घ्या: स्टँड अप, सिट डाउन, लुक, लिसन, स्टॉप, शो मी, पिक अप, पुट डाउन. दिवसाला नव्या दोनच. शिकवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी तुम्ही एकट्या बोलता आणि स्वतः करून दाखवता, मुलं फक्त बघतात, तीन वेळा. मग तुम्ही बोलता आणि करता, मुलंही तुमच्याबरोबर करतात. मग तुम्ही फक्त बोलता, मुलं करतात. मग क्रम उलटसुलट करता. शेवटी तिसरीतलं एखादं मूल पुढे येऊन सूचना देतं आणि वर्ग करतो. मुलांकडून बोलून घ्यायची घाई या सगळ्यात कुठेच नाही. ऐकून कृती केली म्हणजे भाषा कळली, बोलणं मागून येतं. काही मुलं महिना-दोन महिने एक शब्द बोलणार नाहीत, पण शो मी द रेड म्हटलं की अचूक लाल खडू उचलतील. अशा मुलाला उभं करून 'बोल, बोल' म्हणू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. तिला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात. साहित्य जवळजवळ लागत नाही, म्हणून आपल्या शाळांना ती फार सोयीची.

यात दोन चुका हमखास होतात. रोज त्याच क्रमाने स्टँड अप, सिट डाउन, लुक, लिसन घेतलं की मुलं क्रम पाठ करतात, शब्द ऐकतच नाहीत. आणि तुमचा हात बोलण्याआधी हलतो. तुम्ही सिट डाउन म्हणता म्हणता तळहात खाली करता, मुलं हाताकडे बघून बसतात, आणि आपल्याला वाटतं की इंग्रजी आलं. तपासायचं असेल तर हात पाठीमागे बांधा, चेहरा सरळ ठेवा आणि बोला. निम्मी मुलं गोंधळली तर ती सूचना अजून झालेली नाही. पुन्हा दोन दिवस घ्या.

मराठी कुठे वापरायची हाही तुमचा प्रश्न आहे. तुमच्या अडखळत्या मराठीची लाज वाटण्याचं काही कारण नाही. वर्गात तिचा वापर मोजकाच करायचा आहे: मूल पडलं किंवा रडलं तर, भांडण झालं तर, नव्या खेळाचा नियम सांगताना अर्धा मिनिट, आणि चित्र किंवा कृतीने दाखवता येत नाही अशा शब्दाचा अर्थ सांगताना एकदा. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे मराठी वाक्य मात्र जोडू नका. मुलं हुशार असतात. मागून मराठी येणारच आहे हे दोन दिवसांत त्यांच्या लक्षात येतं, इंग्रजी चालू असताना ती ऐकणं सोडून देतात, आणि त्या रिकाम्या वेळात शेजाऱ्याला चिमटा काढतात. तुमच्या वर्गातल्या गोंगाटाचा बराच भाग इथूनच येत असणार.

मोजकी मराठी मात्र तिथल्या मुलांच्या बोलीतली हवी. 'लागलं काय?', 'कुठं दुखालंय?', 'कोण मारलं?', 'घरी कोण हाय?', 'पाणी पाहिजे काय?' अशी दहा-पंधरा वाक्यं वर्गाच्या बाईंकडून लिहून घ्या आणि पाठ करा. रडणारं मूल पुस्तकी भाषेत बोलत नाही. 'पोटात दुखालंय' हे तुम्हाला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे. कुणी घरी कन्नड बोलत असेल तर तुमच्याजवळ जास्तीची एक वाट आहे, ती त्या मुलापुरती खुशाल वापरा. पण पूर्ण वर्गाशी कन्नडमध्ये बोलणं टाळा, कारण बाकीच्यांना ती शाळेत वेगळी शिकायची भाषा आहे आणि इंग्रजीच्या तासाला आणखी एक ओझं वाढतं. शिवाय या पट्ट्यात भाषा हा घराघरातला नाजूक विषय आहे. कोणती भाषा जास्त उपयोगाची, असं मुलांसमोर एका शब्दानेही बोलू नये. पालकांचा विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला वर्षं लागतात.

या मुलांची जमेची बाजू मोठी आहे. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, शेजारी तिसरी, हे त्यांनी जन्मापासून ऐकलेलं असतं. न कळणारं बोलणं ऐकून परिस्थितीवरून अंदाज बांधायची सवय त्यांना आहे, आणि परकी भाषा शिकायला हीच सवय लागते. उच्चारात घरच्या भाषेचा वास येणारच. कन्नड बोलणारं मूल बसला 'बस्सु' म्हणेल, एलिफंटला 'येलिफंट' म्हणेल. मधेच थांबवून दुरुस्त करू नका. तुम्ही उत्तरात तो शब्द बरोबर म्हणा आणि पुढे चला.

पहिल्या आठवड्याचे शब्द मुलांच्या तोंडात आधीच असतात: बस, तिकीट, पेन, सायकल, ट्रॅक्टर, डॉक्टर, मोबाईल, बॉल, बॅट, बल्ब, ग्लास, टेबल. असे वीस शब्द गोळा करा. 'तुम्हाला इंग्रजी येतं' हे मुलांना पहिल्याच दिवशी दिसलं की भीतीतून येणारा दंगा बराच कमी होतो. स्पेलिंग या वेळी विचारू नका. पुढचे शब्दही आसपासचे घ्या. खानापूरकडे भात, काजू, फणस, नदी, पूल, म्हैस. निपाणी-चिक्कोडीकडे ऊस, बैलगाडी, विहीर. बर्फाचं घर आणि जहाज नंतर आलं तरी चालेल. चित्रपत्त्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद उत्तम, पण आकाराकडे लक्ष द्या. शेवटच्या ओळीतून दिसायला पत्ता निदान वहीच्या पानाएवढा आणि अक्षर चार बोटं उंच हवं. पत्ता लहान असला की मागची मुलं उठून पुढे येतात, आणि आपण त्यालाच बेशिस्त म्हणतो.

आकडे शिकवताना जपून. मराठीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठीतला एक इंग्रजी नऊसारखा. दोन्ही आकडे बघणारी पहिलीतली मुलं इथे गोंधळतात, तो आळशीपणा नव्हे. आठ आणि नऊ एकाच दिवशी घेऊ नका.

तासाची वेळ तुकड्यांत बांधा. या वयात एक काम सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, फक्त चित्र काढणं आणि लिहिणं थोडं लांबतं. पहिली तीन मिनिटं दारात: प्रत्येकाला हॅलो, एक सूचना, आणि जागेवर. पुढची पाच मिनिटं जुन्या सूचनांची उजळणी. सात मिनिटं नवे शब्द, पाचांच्या वर नकोत. सात मिनिटं अंग हलवणारा खेळ. दहा मिनिटं पाटी. पाच मिनिटं गोष्ट किंवा बडबडगीत. शेवटची तीन मिनिटं आवरायला, आणि ती कधीही खाऊन टाकू नका. आवराआवर न करता घंटा वाजली की पाट्या, खडू आणि मुलं एकाच वेळी दारात येतात, आणि अपघात तिथेच होतात.

या कामांत काही मुलांना उठवणारी असतात, काही बसवणारी. ती आलटून पालटून यावीत. तास अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणानंतर असेल तर मुलं ओले हात घेऊन, धावून, घामेजून येतात. तेव्हा खेळ शेवटाकडे न्या आणि सुरुवात गोष्टीने करा, आवाज हळू ठेवून. जेवणाआधीचा तास असेल तर उलट. डाळीचा वास सुटला की गोष्ट कुणी ऐकत नाही, तेव्हा हातांना काम द्या.

पाटीच्या दहा मिनिटांत तीन इयत्ता एकत्र कशा सांभाळायच्या? विषय एकच, कामं तीन. विषय प्राणी असेल तर पहिलीने चित्र काढायचं, दुसरीने चित्राखाली फळ्यावरचा शब्द उतरवायचा, तिसरीने आय सी अ काऊ अशी दोन वाक्यं लिहायची. तुमच्या शाळेत नली-कली, म्हणजे कर्नाटकातली पहिली ते तिसरीसाठीची खेळत शिकण्याची पद्धत असेल तर काम तयार आहे. त्या पद्धतीत मुलं शिक्षकांच्या मदतीने, सोबत्याच्या मदतीने आणि स्वतः, अशी वेगवेगळ्या गटांत बसायला शिकलेली असतात. तीच घडी वापरा, तुमची नवी आणू नका. लवकर संपवणाऱ्यांसाठी कोपऱ्यात चित्रपत्त्यांचा डबा ठेवा. हा डबा नसेल तर सगळ्यात हुशार मुलं सगळ्यात आधी दंगा करतात.

दंगा करणाऱ्या मुलाकडे जाताना बोलणं थांबवू नका. शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. नाही पुरलं तर हळू आवाजात त्याचं नाव आणि एक सूचना: पुट डाउन. तरीही नाही तर हाताला काम: फळा पूस, खडू दे. त्यानंतरही नाही तर जागा बदला, तुमच्या खुर्चीजवळ. वर्गाबाहेर उभं करू नका. तुम्ही एकट्या आहात, बाहेरच्या मुलावर नजर ठेवायला कुणी नाही, आणि तो विहिरीकडे गेला की रस्त्याकडे, हे तुम्हाला कळणार नाही. मारणं आणि घालूनपाडून बोलणं शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ ने बंद आहे. कायदा नसता तरी ते चालत नाही, कारण ज्या बाईंची भीती वाटते त्यांच्यासमोर मूल नवी भाषा बोलायला तोंड उघडत नाही. चॉकलेटही नको. तिसऱ्या दिवशी चॉकलेटशिवाय कुणी उठणार नाही. फळ्यावर गटाच्या नावापुढे एक रेघ, आणि आठवड्याच्या शेवटी जास्त रेघा असलेल्या गटाने खेळ निवडायचा.

लघवीला जाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण एकाने विचारलं की दहा जण उभे राहतात. दाराजवळ खिळ्याला दोन लाकडी चकत्या लटकवा, एक मुलींची, एक मुलांची. चकती जागेवर असेल तर न विचारता घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं. पहिलीतल्या मुलीबरोबर तिसरीतली एक जाईल.

आणि खरंच काही घडलं तर? मूल पडलं, फिट आली, साप निघाला. पावसाळ्यात तुमच्याकडे शेवटचीही शक्यता असते. तुम्ही वर्ग सोडून जायचं नाही. एक लाल पुठ्ठा तयार ठेवा. तो घेऊन तिसरीतली दोन ठरलेली मुलं शेजारच्या वर्गात किंवा ऑफिसात जातील, आणि पुठ्ठा दिसला की मोठ्या माणसाने हातातलं टाकून यायचं, हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवा. एकाच मुलाला पाठवू नका, ते वाटेत घाबरतं किंवा विसरतं. महिन्यातून एकदा हे करून बघा.

बहुतेक वेळा असं घडतं: पहिला आठवडा बरा जातो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळं कोसळल्यासारखं वाटतं. मुलं तेव्हा तुमची हद्द तपासत असतात. नियम बदलू नका, नवे आणू नका, तेच चालू ठेवा. गणपती आणि दसऱ्याच्या सुट्ट्यांनंतर पुन्हा तसंच होतं. परत आल्यावर पहिले दोन दिवस फक्त आठ सूचना आणि ओळखीचे खेळ. सुगीत हजेरी घटते आणि गट मोडतात, तेव्हा हजर मुलांचेच चार गट करा, गैरहजर मुलांच्या जागा धरून ठेवू नका.

कोण कुठे आहे हे कळायला रोज पाचच मुलांकडे बघा. वहीत नाव आणि दोन खुणा: सूचना ऐकून करतो का, स्वतःहून एखादा शब्द बोलतो का. आठ दिवसांत ३८ मुलं होतात. ही वही महिन्यातून एकदा वर्गाच्या बाईंना दाखवा. त्यांच्या लक्षात आलं की तुमचा तास म्हणजे त्यांच्याच मुलांचं काम आहे, तर त्या हळूहळू पाच मिनिटं जास्त थांबतात.

शेवटी एक गोष्ट. मदतनीस मिळणार नाही असं तुम्ही धरलंय, पण मदत मागायचीच नाही असं नको. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत. मुलं ४५च्या वर गेली किंवा वर्गात विशेष गरजेचं मूल असलं, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि एसडीएमसीच्या (पालकांचा सहभाग असलेल्या शाळा समितीच्या) बैठकीत विषय काढा. मागणी नेमकी असू द्या: पूर्ण तास माणूस नको, पाटीच्या दहा मिनिटांना एक मोठं माणूस हवं. अशी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. ती मान्य होईपर्यंत, वर्गाच्या बाई थांबायला तयार असतील त्या दिवशी, तासाचे दोन भाग पाडून घ्या. २० मिनिटं पहिलीची मुलं तुमच्याकडे आणि बाकीची मुलं वर्गाच्या बाईंकडे, मग अदलाबदल. मुलांना वेळ निम्मा मिळेल, पण त्या २० मिनिटांत तुम्ही प्रत्येकाच्या पाटीपर्यंत पोचाल.